कायोटीचं कातडं विक्रीसाठी तयार करताना या चुका टाळा

पोटावरचा तो हिरवट डाग बोटाच्या पेराएवढा असतो. कातडं उतरवताना तो दिसतो, पण नवखा माणूस म्हणतो, वाळल्यावर जाईल. वाळल्यावर तो खरोखरच दिसेनासा होतो. मग महिन्याभराने व्यापारी कातडं टेबलावर पसरतो, पोटाजवळचे केस चिमटीत धरून हलकेच ओढतो आणि अख्खा पुंजका त्याच्या बोटांत येतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, माझ्या पहिल्या हिवाळ्यात, चारपैकी दोन कातडी अशीच वाया गेली. जनावराचा जीव गेलेला, माझ्या चार रात्री गेलेल्या आणि हाती काही नाही. त्या दोन कातड्यांचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. इथल्या गवताळ प्रदेशात त्याची संख्या भरपूर आहे आणि परवाना काढून त्याची शिकार करणं, सापळे लावणं कायदेशीर आहे. नियम प्रांताप्रांतांत आणि राज्याराज्यांत वेगळे असतात, बऱ्याच ठिकाणी नवख्याला आधी प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ते पूर्ण करूनच पुढे जा. भारतातल्या वाचकांसाठी स्पष्ट सांगतो: आपल्याकडे कोल्हा आणि लांडगा दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. यातलं काहीही तिथे करून पाहायचं नाही.

थंडीवर विसंबून राहणं

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाहेर उणे २५ अंश आहे म्हणजे जनावर आपोआप शीतपेटीत आहे, असं वाटतं. तसं नसतं. दाट लोकर जशी थंडी आत येऊ देत नाही तशीच आतली ऊबही बाहेर जाऊ देत नाही. आतडी तासन् तास गरम राहतात आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. पोटाची कातडी सगळ्यात पातळ, म्हणून हिरवा डाग पहिल्यांदा तिथे पडतो. गाडीच्या मागे तीन-चार जनावरं एकावर एक टाकली तर खालच्याचं पोट हमखास जातं. एकेक वेगळं ठेवा, पाठीवर नव्हे तर कुशीवर, आणि शक्य असेल तर अंग कोमट असतानाच सोला. कोमट अंगावरून कातडं जसं सहज सुटतं तसं नंतर कधीच सुटत नाही.

गोठलेलं जनावर घरी आलं तर दुसरी घाई होते. शेडमध्ये आणून हीटरच्या शेजारी टांगायचं. मी तेच केलं होतं. पोट आणि कान संध्याकाळपर्यंत मऊ झाले, खांदे आणि मांड्या मात्र दगडासारख्या. खांद्यांचा बर्फ वितळायची वाट पाहत रात्र गेली आणि त्या रात्रीत पोट सडलं. गोठलेलं जनावर थंड खोलीत, गोठणबिंदूच्या थोड्याच वर, हळूहळू वितळू द्यावं लागतं. एक दिवस जातो, मोठ्या नराला त्याहून जास्त. मधूनमधून बाजू बदला. पोट मऊ झालं आणि बाकीचं अजून घट्ट असेल तर मागच्या पायांपासून सोलायला लागा, जिथवर सुटतं तिथवर या, तोवर पुढचं मऊ होत जातं.

हातमोजे न घालणं

याबाबत मी कुणाशीही तडजोड करत नाही. कायोटीच्या आतड्यात एकिनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस नावाचा बारीक पट्टकृमी असू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि शेपटीखालच्या, मांड्यांच्या केसांना चिकटून राहतात. माणसाच्या पोटात ती गेली तर यकृतात गाठी वाढतात, आणि लक्षणं दिसायला अनेक वर्षं लागतात. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात माणसांना याची लागण झालेली आहे. घरच्या फ्रीजरमध्ये ही अंडी मरत नाहीत, त्यासाठी उणे ८० अंशांच्या आसपासची थंडी लागते. तेव्हा ‘गोठवून ठेवलं होतं’ हा बचाव नाही. रबरी हातमोजे घाला, सुके केस झटकताना तोंडावर मास्क लावा, काम करताना चहा-तंबाखूला हात लावू नका, शेवटी साबणाने हात धुवा. पोट फाडायची गरज नसते, फाडूही नका. रेबीजचा धोका असतो म्हणून डोक्याची हाडं कापायच्या फंदातही पडू नका.

पिसवा आणि गोचिडांसाठी सोपा उपाय आहे. सोलण्याआधी जनावर मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालून आत कीटकनाशक फवारायचं आणि तोंड बांधून ठेवायचं. खरूज झालेलं जनावर, म्हणजे शेपटी उंदरासारखी आणि कुशीवरचे केस ठिकठिकाणी गळलेले, ते सोलूच नका. विकलं जात नाही, आणि तो किडा घरच्या कुत्र्याला लागतो, माणसालाही खाज आणतो.

पहिला छेद अंदाजाने घेणं

कायोटीचं कातडं पोटावरून चिरत नाहीत. ते नळीसारखं उतरवतात, घट्ट झबला डोक्यावरून उलटा काढावा तसं. पोटावर एकदा सुरी फिरली की ते कातडं ठरलेल्या तऱ्हेचं राहत नाही आणि भाव तिथेच घसरतो.

पहिला छेद एकच, सलग: एका मागच्या पायाच्या टाचेपासून मांडीच्या मागच्या कडेने गुदद्वारापर्यंत, तिथून दुसऱ्या टाचेपर्यंत. ही रेघ कुठून जाते हे केसच सांगतात. मांडीच्या मागे पाठीकडचे लांब, गडद केस आणि पोटाकडचे आखूड, फिकट केस जिथे भेटतात, छेद नेमका तिथून गेला पाहिजे. पाठीकडे सरकला तर कातडं ताणून वाळवायच्या फळीवर मागच्या बाजूला पोटाची नको ती जीभ लोंबते आणि ढुंगणावरचे चांगले केस कापले जातात. पोटाकडे सरकला तर पोटाच्या बाजूला खाच पडते. सुरी लावण्यापूर्वी कंगव्याने केस विंचरून ती रेघ शोधा. मी सुरुवातीला खडूने खूण करत असे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही.

सुरीची धार वर, म्हणजे केसांकडे ठेवून आतून बाहेर कापा. बाहेरून आत कापलं तर केसच कापले जातात आणि कडेला कातरल्यासारखी पट्टी दिसते. कडा सुटली की सुरी बाजूला ठेवा. पुढचं बरंचसं काम मुठीचं आणि अंगठ्याचं आहे. दर वेळी सुरीने सोडवायला गेलात तर भोकं पडतील, विशेषतः बगलेत आणि कुशीत.

पुढच्या पायांना मनगटाशी गोल छेद द्या आणि बाही काढावी तसे ते ओढून काढा. डोक्याशी आल्यावर मात्र सुरी लागते, आणि इथे घाई झाली की डोळे विद्रूप होतात. कानाची कूर्चा कवटीला अगदी चिकटून कापा. डोळ्याजवळ बोट आतून घालून पापणी ताणून धरा आणि हाडाला लागून कापा. ओठांची कड आणि नाक कातड्यालाच राहू द्या.

शेपटीत हाड किंवा ओल ठेवणं

शेपटीचं हाड ओढून काढलं म्हणजे काम झालं, असं मला वाटायचं. उरलेली नळी आतून ओली राहते. हवा लागत नाही आणि शेंड्याकडची दोन बोटं कुजतात. पुढे शेपटीचा शेंडा केसांसकट गळून पडतो. हाड काढल्यावर शेपटी खालच्या बाजूने, अगदी टोकापर्यंत सरळ चिरायची, आतली चरबी खरवडायची आणि ती उघडी वाळवायची. पन्हळीसारखी खाच असलेली एक पट्टी मिळते. ती आत सरकवून तिच्यावरून सुरी चालवली की रेघ वाकडी जात नाही. हाड सहज येत नसेल तर बुडाजवळचा भाग अजून थोडा मोकळा करा. जोर लावून ओढलं तर शेपटी तुटते.

खरवडताना कमी किंवा जास्त करणं

ज्या शेजाऱ्यांकडे मी हे शिकलो ते आयुष्यभर सापळे लावत आले. ते म्हणत, मांस जाऊ दे, कातडं राहू दे. नवख्याच्या हातून बहुतेक वेळा उलटं होतं.

आधी केस पूर्ण स्वच्छ करा. रक्त थंड पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने ते बसतं. गोखरू, कुसळं, चिखलाचे गोळे विंचरून काढा आणि केस सुकू द्या. हे टाळून कातडं खरवडायच्या उतरत्या ओंडक्यावर चढवलं, तर खाली दडलेला एक गोखरू कातड्याला उंचवटा आणतो, वरून मांस-चरबी खरवडायची, दोन्ही टोकांना मूठ असलेली सुरी फिरते आणि तिथेच भोक पडतं. आत एवढीशी वाटाण्याएवढी गाठ, बाहेर रुपयाएवढं भोक.

मान आणि खांद्यापासून सुरू करून खाली ढकलत या. मानेवर जाड चिवट थर असतो, नराच्या मानेवर तर फारच. तिथे जोर लागतो. कुशीवर लाल मांसाचे पदर असतात, ते काढायचे. पण त्याखालचा पातळ पांढरा पडदा सोडून द्यायचा. तो खरवडण्याच्या नादात सुरी केसांच्या मुळांपर्यंत जाते. कातड्याच्या आतल्या बाजूला काळे बारीक ठिपके दिसू लागले की थांबा, ती मुळं आहेत. मूळ कापलं गेलं की केस बाहेरून गळतो आणि ते पुन्हा दुरुस्त होत नाही. मोसमाआधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मारलेल्या जनावराचं कातडं आतून निळसर असतं आणि त्यात ही मुळं वरच असतात, त्यामुळे धोका जास्त. नोव्हेंबरअखेरपासून कातडं आतून मलईसारखं पांढरं मिळतं, केसही पूर्ण वाढलेले असतात. जानेवारीच्या उत्तरार्धानंतर बसून-घासून मागचे केस झिजू लागतात.

बगल आणि आचळांभोवती हात हलका ठेवा. हात चरबीने घसरत असेल तर लाकडाचा भुस्सा टाका.

भोक पडलंच, किंवा गोळीचं भोक असेल, तर कातडं ओलं असताना आतल्या बाजूने शिवा. तीन धारांची सुई, बारीक टाके, केस टाक्यात अडकू न देता. ताणल्यावर शिवायला गेलात तर नखाएवढं भोक डोळ्याएवढं झालेलं असतं.

फळीवरची घाई आणि फळीवरचा विसर

कायोटीचं कातडं आधी आतली बाजू बाहेर ठेवून फळीवर चढवतात आणि अर्धं वाळल्यावर उलटून केस बाहेर करतात. विकताना केसच बाहेर हवेत. नवख्यांची बहुतेक कातडी या उलटण्यातच बिघडतात. फार लवकर उलटलं तर कान, ओठ आणि बगला आत ओल्याच राहून कुजतात. उशिरा उलटलं तर कातडं पत्र्यासारखं कडक होतं आणि वळवताना तडकतं. मी घड्याळ पाहत नाही, बोट लावतो. बोटाला चिकटत नाही पण चिमटीत अजून वाकतं, ही वेळ. कधी ती संध्याकाळी लावलेल्या कातड्याला सकाळी येते, कधी दुसऱ्या संध्याकाळी. म्हणून पहिल्या दिवशी तीन-चार वेळा जाऊन पाहा.

उशीर झालाच तर कातडं ओढू नका. ओला, पिळलेला टॉवेल कडक भागावर ठेवा आणि काही तास वाट पाहा. मऊ झालं की उलटा.

आणखी काही गोष्टी मला फळीनेच शिकवल्या. कणा फळीच्या बरोबर मध्यावर हवा, तिरकं वाळलेलं कातडं तिरकंच विकलं जातं. लांबी वाढवायला जबरदस्ती ताणू नका, आकार एक पायरी वाढतो पण केस विरळ दिसतात आणि प्रतवारी करणारा माणूस ते लगेच ओळखतो. पोटाच्या बाजूला फळी आणि कातडं यांच्या मध्ये एक पातळ लाकडी पट्टी सरकवून ठेवा. कातडं वाळताना आवळतं. नंतर पट्टी ओढून काढली की ते मोकळं होऊन सरकतं. ही पट्टी विसरलो होतो तेव्हा वाळलेलं कातडं फळीवरून उतरवायला मला अर्धा दिवस लागला आणि बगलेत ते फाटलं.

मीठ आणि शेगडी

आपल्याकडे बोकडाचं कातडं उतरलं की लगेच मीठ मारतात, आणि तिथे ते योग्यच आहे: हवा उष्ण, आणि पुढे केस काढूनच चामडं करायचं असतं. इथे तीच सवय नडते. लिलावासाठी जाणारी फर मीठ न लावता हवेवर वाळवतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, कातडं कधी कडक कधी दमट होत राहतं आणि व्यापारी ते नाकारतो. मीठ ज्यांना जनावर पेंढा भरून ठेवायचं आहे त्यांच्यासाठी.

दुसरं टोक म्हणजे शेगडी. उष्णतेने कातडं वरून वाळतं, आतून शिजतं. दिसायला उत्तम, पण कमावताना पाण्यात पडलं की त्याचे तुकडे होतात. १५ अंशांच्या आसपासची खोली, मध्यम दमटपणा आणि थेट अंगावर न येणारा पंखा पुरेसा आहे.

सगळं स्वतःच करायचा हट्ट

बाजार आता पूर्वीसारखा नाही. जॅकेटच्या टोपीला कायोटीची फर लावणाऱ्या कॅनडा गूसने २०२१ मध्ये फर वापरणं थांबवण्याची घोषणा केली, त्याआधी २०१९ मध्ये नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स ही मोठी लिलाव संस्था आर्थिक संकटात सापडली. ऑन्टारिओतल्या नॉर्थ बे इथे फर हार्वेस्टर्स ऑक्शन लिलाव भरवते. मागणी कमी असते तेव्हा मध्यम प्रतीचं कातडं कुणी उचलत नाही, म्हणून चुकांची किंमत आधीपेक्षा जास्त मोजावी लागते.

पहिल्या वर्षी दोन-तीनच कातडी पूर्ण तयार करा. बाकीची सोलून गोठवा आणि तशीच ओली विका, अशी घेणारे स्थानिक व्यापारी असतात. गोठवताना कातड्याची आतली बाजू आतल्या बाजूवर येईल अशी घडी घालून, केस बाहेर ठेवून गुंडाळा, पिशवीतली हवा काढा आणि पिशवीवर तारीख लिहा. हवा राहिली तर कडा वाळून पांढऱ्या पडतात आणि त्या पुन्हा मऊ होत नाहीत. फ्रीजरमध्ये पिशव्या पहिल्या रात्री एकीवर एक रचू नका, मधल्या कातड्याला गोठायला दोन दिवस लागतात. तयार झालेली कातडी पाठवताना दुमडू नका, खोक्यात सपाट ठेवा. आणि पाठवण्याआधी शेवटचं एकदा पोटाजवळ, कानामागे, शेपटीच्या बुडाशी केस चिमटीत धरून ओढून पाहा, व्यापारी पाहील तसं.