पाड्यावरचं नेट पावसाळ्यात का बंद पडतं? या चुका टाळा

किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडांचे गुडे आणि कोलामांची पोडं, म्हणजे त्यांचे पाडे, लांब-लांब विखुरलेली आहेत. ग्रामपंचायतीत भारतनेटचं (सरकारी इंटरनेट योजनेचं) फायबर आलं, तरी पुढचे चार-पाच किलोमीटर रेडिओ लिंकनेच, म्हणजे समोरासमोर डिश लावून बिनतारी, जोडावे लागतात.

सगळ्यात महागात पडते ती उन्हाळ्यात सर्व्हे उरकण्याची चूक. एप्रिल-मेमध्ये सागाची पानं गळालेली असतात. टेकडीवरून पोडातली पाण्याची टाकी स्वच्छ दिसते, लिंकही लगेच लागते. जुलैत तोच साग सुपाएवढ्या ओल्या पानांनी भरतो आणि सिग्नल कोसळतो. लोक पावसाला दोष देतात. पण ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ-लहरींवर एवढ्या अंतरात पावसाने फारसा फरक पडत नाही, अडवतात ती पानं.

समोरचं टोक नुसतं दिसून भागत नाही, कारण लहरी वाटेत मधोमध फुगतात. ५ किलोमीटरच्या लिंकला मधोमध चारी बाजूंनी सुमारे ८ मीटर जागा लागते, त्यातली निदान ५ मीटर तरी पूर्ण मोकळी हवी. म्हणून खांबाची उंची बुंध्यांमधल्या फटीवरून न ठरवता झाडांच्या शेंड्यांवरून ठरवा. झाडं वाढतात, तेही धरा. तेवढा उंच खांब परवडत नसेल तर मधल्या टेकडीवर तिसरा रेडिओ बसवा, पण फांद्या तोडून वाट काढू नका.

लिंक लागली की रेडिओच्या पानावर सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) तपासा; तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दोन्हीकडे २३ डीबीआयच्या (झोत एकवटण्याच्या क्षमतेचं माप) डिश, डिशमधून निघणारी एकूण शक्ती ३६ डीबीएमच्या कमाल मर्यादेवर, अंतर ५ किलोमीटर, तर उणे ६३ च्या आसपास सिग्नल यायला हवा. उणे ८० दिसला आणि वाट मोकळी असेल, तर बहुधा डिश मुख्य झोताऐवजी कडेच्या कमजोर झोतावर बसली आहे. एका वेळी एकच डिश हलवा. सिग्नल वाढून पुन्हा उतरेपर्यंत फिरवा, मग मागे या. आडवं झालं की उभंही तसंच.

विजेचा हिशेब पावसाळ्याचा करा. रेडिओ आणि राऊटर मिळून १५ वॅट म्हणजे दिवसाला ३६० वॅट-तास. १२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे १२०० वॅट-तास) लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे जेमतेम दीड दिवस. उन्हाळ्यात १०० वॅटचं पॅनल पुरतं, ढगाळ दिवसांत २०० वॅटही कमी पडू शकतं.

केबल बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि रेडिओ पुन्हा-पुन्हा रीस्टार्ट होतो. रेडिओत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई (नेटच्या केबलमधूनच न तपासता वीज सोडणारा अडॅप्टर) लावला तर रेडिओ जळतो. खांबाचं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) मात्र वळवाच्या आधीच करून घ्या. मृगाची वाट पाहू नका, विजा त्याआधीच पडतात.

पोडात नेट वाटायचं तर पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वाय-फाय योजनेखाली पीडीओ (वाय-फाय केंद्र चालवणारा) व्हा, त्याला वेगळा परवाना लागत नाही. घरोघरचे राऊटर जोडताना इंटरनेटची तार वॅनऐवजी लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) भोकात गेली, की तो राऊटर सगळ्या पोडाला चुकीचे आयपी (उपकरणांचे नेटवरचे पत्ते) वाटत सुटतो आणि नेट बंद पडतं.

आणि नेट गेलं म्हणून चिखलातून टेकडी चढण्याआधी ग्रामपंचायतीत एक फोन करा. भारनियमनात तिथला ओएनटी (फायबर जिथे जोडलेलं असतं तो डबा) बंद असेल, तर बॅटरी तिथे हवी आहे.