कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही? आधी हा एक मेसेज टाका

माझे मिस्टर पुण्यात वॉटरप्रूफिंगची कामं घेतात आणि एन्क्वायरीचे फोन मी सांभाळते, त्यामुळे "तुम्ही लोक फोनच उचलत नाही हो" हे मी रोज ऐकते. लोकांचा राग खरा आहे, घरात पाणी टपकत असताना कोणाला धीर धरवतो? पण साइटवर कटर चालू असतो, हाताला कोपरापर्यंत सिमेंट, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात, आणि एकदा माल कालवला की तो ठेवून चालत नाही, संपवावाच लागतो. त्यामुळे पंधरा मिस्ड कॉल देण्यापेक्षा एक नीट मेसेज केलात तर काम लवकर होतं.

आधी घरातच थोडं बघून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओल कधी येते. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बहुतेक टेरेस किंवा बाहेरची भिंत, बारा महिने येत असेल तर वरच्यांचं बाथरूम नाहीतर पाइप. हे एवढं सांगितलंत तरी कोणाला पाठवायचं ते आम्हाला कळतं. मागच्या एप्रिलमध्ये एका काकूंचे सकाळपासून अकरा मिस्ड कॉल होते, दुपारी त्यांच्या नातवाने फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "ओल उन्हाळ्यात पण आहे, वरचे लोक गावाला गेले की सुकते". ह्यांनी जेवताजेवता वाचलं आणि सांगितलं की टेरेसला हात पण लावू नका, आधी प्लंबर बोलवा. टेरेसचा सगळा खर्च वाचला त्यांचा, ते पण कोणी साइटवर न जाता!

मग मेसेज. "टेरेसचा रेट काय" एवढंच लिहू नका, त्यावर कोणी खरं उत्तर देऊच शकत नाही. असं लिहा:

"नमस्कार दादा, कोथरूडला राहतो, चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. टेरेस अंदाजे १,१०० स्क्वेअर फूट, जुना कोबा आहे, पॅरापेटच्या कडेला भेगा. फक्त पावसात गळतं, दोन वर्षं झाली. सोसायटीची परवानगी आहे. मेअखेर काम व्हायला हवं. फोटो पाठवतोय. संध्याकाळी सातनंतर बोलू शकतो."

कोबा म्हणजे टेरेसवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, पॅरापेट म्हणजे टेरेसच्या कडेची बुटकी भिंत. लिफ्टचं का विचारतात असं वाटेल, पण वाळू-सिमेंट वर चढवायची आणि राडारोडा खाली उतरवायचा ह्याची मजुरी त्यावर ठरते. फोटो तीन पुरेत, एक लांबून, एक जवळून टेप किंवा पट्टी लावून, आणि एक जिथून पाणी येतंय असं वाटतं तिथला. व्हॉइस नोट नको, कटरच्या आवाजात ऐकू येत नाही.

फोनच करायचा असेल तर दुपारी एक ते दोन किंवा संध्याकाळी सातनंतर. सकाळी नऊच्या सुमाराला अजिबात नको, तेव्हा माणसं कुठल्या साइटवर पाठवायची ते ठरत असतं. आणि आमच्याकडे बांधकामाच्या लोकांची सुट्टी अमावस्येला असते, त्यामुळे साइट बघायला बोलवायचं असेल तर कॅलेंडर बघून अमावस्या मागा, त्या दिवशी माणूस निवांत येतो. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेसेजला रिप्लाय करून "दादा, बघितलंत का?" एवढं टाका, वेगळा नवीन मेसेज केलात तर जुने फोटो वर निघून जातात आणि मग ते कोणी शोधत नाही.

बघायला येतील तेव्हा ज्याच्या हातात निर्णय आहे तो माणूस घरी हवा, आणि टेरेसची किल्ली आधीच आणून ठेवा. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गावाला, असं आमच्या बाबतीत कितीदा झालंय!

कोटेशन लेखीच मागा, व्हॉट्सॲपवर चालेल. जुना कोबा फोडणार की त्यावरच करणार, पाण्याचा ढाळ कुठल्या बाजूला, भिंतीच्या कडेला वाटा (म्हणजे कोपऱ्यात सिमेंटची गोलाई) घेणार का, पाणी भरून टेस्ट किती दिवस, राडारोडा कोण टाकणार, जीएसटी धरून की वेगळा, ॲडव्हान्स किती. रेट स्क्वेअर फुटाला आहे की ब्रासला ते पण विचारा, एक ब्रास म्हणजे १०० स्क्वेअर फूट, इथे दोन कोटेशनची तुलना करताना लोक हमखास फसतात. फोनवर जे ठरेल ते लगेच दोन ओळीत लिहून पाठवा, "आत्ता बोललो त्याप्रमाणे" असं म्हणून. विश्वास नाही म्हणून नाही, दिवसाला दहा लोकांशी बोलणाऱ्या माणसाच्या खरंच लक्षात राहत नाही.

आणि काम दुसऱ्याला दिलंत तर कळवा, प्लीज. आम्हाला वाईट वाटत नाही. एप्रिल-मे मध्ये तुमच्यासाठी चार दिवस धरून ठेवलेले असतात आणि मागे पावसाच्या आत व्हावं म्हणून लोक थांबलेले असतात, तुमचा "नको" आला की मी त्याच संध्याकाळी पुढच्या नंबरला फोन लावते.