कोयनेच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल: मुरूम, जांभा आणि गाळ ओळखून वाट आखा

बाईक म्हटलं की आपल्याकडे मोटारसायकलच डोळ्यांपुढे येते, म्हणून इथे ग्रॅव्हल सायकलच म्हणू. वाकडं हँडल, ४० मिलीमीटरच्या पुढचे टायर, डिस्क ब्रेक. डांबर संपून मुरूम लागला की जी सायकल थांबत नाही, ती.

दोन दिवसांचा आटोपशीर फेरा हवा असेल तर साताऱ्याहून निघा. यवतेश्वरचा घाट, कास पठार, तिथून खाली बामणोली. बामणोलीहून सायकल लाँचवर टाकून शिवसागर या कोयना धरणाच्या जलाशयातून तापोळा, मुक्काम. दुसऱ्या दिवशी तापोळा ते महाबळेश्वर चढ, केळघर घाटाने मेढा आणि वेण्णेच्या खोऱ्यातून परत सातारा. जमिनीवरचं अंतर सुमारे १२० किलोमीटर. यात डांबर बरंच आहे, तेही जागोजागी उखडलेलं. अस्सल कच्चा भाग मिळतो तो वाड्यांकडे जाणाऱ्या फाट्यांवर आणि पाण्याकाठच्या गाडीवाटांवर. फाटे निवडता आले तरच फेरा जमतो.

नकाशावरून फाटे निवडताना तीन गोष्टी फसवतात. पहिली, बुडालेले रस्ते. धरण झालं साठच्या दशकात, पण जुन्या नकाशांवरच्या वाटा अजून गावाकडे निघाल्यासारख्या दिसतात आणि थेट पाण्यात शिरतात. दुसरी, जाळरेषा. उपग्रहाच्या चित्रात जंगलातून सरळ, स्वच्छ पट्टा दिसतो, तो रस्ता वाटतो. प्रत्यक्षात तो वणवा अडवण्यासाठी वनखात्याने साफ केलेला पट्टा असतो. तो उताराची पर्वा न करता सरळ डोंगर चढतो, आणि पायाखाली कापलेल्या झुडपांचे तिरके खुंट असतात. टायरची बाजू फाडायला एक खुंट पुरतो. ओळखायची खूण सोपी: माणसांनी वापरलेली वाट उतारावर वळणं घेते, जाळरेषा घेत नाही. तिसरी फसवणूक सरासरीची. तापोळा साधारण ६८० मीटरवर, महाबळेश्वर साधारण १३५० वर आणि मधलं अंतर २८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी चढ अडीच टक्के. पण सुरुवातीचा रस्ता वरखाली होत राहतो आणि खरा चढ नंतर एकदम अंगावर येतो. म्हणून सरासरी बघू नका, उंचीचा आलेख एकेका किलोमीटरचा करून बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरला एक असते. एका किलोमीटरच्या वाटेने अशा पाच रेषा ओलांडल्या तर तो चढ दहा टक्के.

वाटेत माणूस भेटला की रस्ता कसा आहे हे विचारू नका. उत्तर “चांगलाय की” हेच येणार. “किती लांब?” याला “हे काय, जवळच.” त्यापेक्षा विचारा, “मामा, ह्या फाट्यानं एसटी येती का?” येत असेल तर डांबर. “नाय, पण जीप जाती” म्हणाले तर मुरूम, तो आपल्या कामाचा. “जीप कुठली, बैलं जातात” म्हणाले तर निम्मा वेळ सायकल खांद्यावर.

आता पायाखालची जमीन. मुरूम दाबलेला असेल तर डांबराइतका चालतो. नुकता पसरलेला असेल तर पुढचं चाक गोट्यांवर फिरल्यासारखं सरकतं. अशा वेळी वजन मागे ठेवा, हँडल सैल धरा आणि वळणात पुढचा ब्रेक दाबू नका. कासच्या माथ्यावर जांभा आहे. कोरडा जांभा कानशीसारखा खरबरीत असल्याने पकड उत्तम देतो, पण त्याची छिद्रं फुटून जी धार तयार होते ती टायर कापते. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरलं की काचेवर चालल्यासारखं. तिथे उतरून चालण्यात कमीपणा काही नाही. आणि पठारावर वाट सोडून चाक घालायचंच नाही. खडकावर मातीचा थर बोटभर असतो, फुलांची सगळी वस्ती त्यातच, आणि चाकाची चाकोरी पुढे पाण्याची घळ होते. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फुलांच्या हंगामात, ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, गर्दी आणि वाहतुकीचे निर्बंध असतात. शनिवार-रविवार टाळा.

तिसरा प्रकार गाळ. फेब्रुवारीनंतर जलाशय उतरतो, काठाला रुंद मोकळी जमीन उघडी पडते आणि तिच्यावरून सरळ पलीकडे जावं असा मोह होतो. वरचा थर वाळून भेगाळलेला असतो, खाली मात्र लोणी. आधी टाचेने जोरात ठोका. भेगेच्या कडा नुसत्या तुटल्या तर ठीक. कडेतून ओल वर आली किंवा टाच घोट्यापर्यंत गेली तर मागे फिरा. अडकलेली सायकल ओढताना हाच गाळ मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) जाऊन बसतो, पेडल मारलं की हँगर (डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) वाकतो आणि डिरेलर चाकाच्या आऱ्यांत शिरतो. या खोऱ्यात दिवस वाया घालवणारा हा सगळ्यात मोठा बिघाड. तुमच्या फ्रेमचा जादा हँगर जवळ ठेवाच, कारण एकाचा बहुधा दुसऱ्याला बसत नाही आणि तो साताऱ्यात मिळेलच असं नाही.

टायर ७०० × ४२ घ्या, ट्यूबलेस. ३५ चा टायर डांबरावर हलका वाटतो, पण जांभ्यावर रिमला दणके बसतात. ७० किलोच्या माणसाला पुढे २८–३० आणि मागे ३२–३४ पीएसआय पुरतात. आत ट्यूब असेल तर ५ वाढवा, मागे सामान असेल तर आणखी ३. दगडावर रिम ‘ठक्’ वाजली की २ पीएसआय भरा. सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) प्रत्येक टायरमध्ये ६० ते ८० मिली. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळून रबराची साल होते, त्यामुळे निघण्यापूर्वी टायर कानाशी धरून हलवा. आत खळखळलं नाही तर नवं भरा. करवंदीचा काटा सीलंट भरून काढतं, बाजूचा चिरा नाही. त्यासाठी जुन्या टायरचा ५ × ८ सेंटिमीटर तुकडा आतून लावायचा आणि वर ट्यूब घालायची. म्हणजे ट्यूबलेस असली तरी दोन ट्यूब सोबत हव्यातच.

शिवाय पितळी ॲडॅप्टर. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो, तुमच्या प्रेस्टाला, म्हणजे सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला, तो लागत नाही. ॲडॅप्टर लावून काँप्रेसरची हवा घ्या, पण नळी स्वतः धरा आणि थोडी-थोडी भरा; एका दमात दाब ६० च्या वर जातो आणि टायर रिमवरून उडतो.

गिअरचं गणित थोडक्यात: पुढचे आणि मागचे दाते सारखे असतील तर एका पेडल फेऱ्यात सुमारे २.२ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे ताशी ८ किलोमीटर. आठ टक्के चढावर सामानासकट हाही वेग जड जातो, म्हणून सगळ्यात हलक्या गिअरमध्ये मागचे दाते पुढच्यापेक्षा जास्त हवेत: ३० ला ३४, किंवा ४० ला ४६. पुढे ४० आणि मागे ३४ वर उलट दिशेने, म्हणजे केळघर चढत, फेरा करायचा बेत आखू नका.

वेळेचा अंदाज डांबरावर ताशी १८, मुरमावर १२, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जादा, असा धरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण खोऱ्याच्या पश्चिमेला उंच डोंगर असल्याने काठावर अंधारून त्याआधीच येतं. साताऱ्याहून सकाळी साडेसहाला निघा. लाँच दिवसाउजेडीच चालते, आणि सायकली असल्या की बहुधा पूर्ण लाँच ठरवावी लागते. दुपारी दोनपर्यंत बामणोलीला पोचलात तर घासाघीस करायला वेळ उरतो. सायकल आडवी ठेवताना डिरेलरची बाजू वर, आणि तीन मीटर दोरीने कठड्याला बांधलेली. लाइफ जॅकेट घाला. पैसे रोख ठेवा, कारण मोबाईलची रेंज येते-जाते.

जलाशयाचा पश्चिम काठ कोयना अभयारण्याचा, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. तिकडे वाट दिसली तरी वनखात्याच्या परवानगीविना जायचं नाही. पूर्वेच्या रानातही पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. एकटा गवा दिसला की थांबा, सायकल आडवी धरा, तो जाईपर्यंत वाट बघा. घंटी वाजवून हुसकायला जाऊ नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात. खाली आरडाओरडा नको, धूर तर नकोच.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दरडी कोसळतात, रानात जळवा, आणि ओढ्यांवरचे फरशी पूल पाण्याखाली जातात. तरी गेलात तर नियम एकच: फरशीचा तळ दिसत नसेल किंवा वाहतं पाणी गुडघ्याला लागत असेल तर ओलांडायचं नाही. त्याहून कमी असेल तर उतरून चाला, सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा, म्हणजे पाण्याने ढकलली तरी ती तुमच्या पायांवर येत नाही. पाणी चाकाच्या मध्यावरच्या हबच्या वर गेलं असेल तर घरी आल्यावर बेअरिंग उघडून ग्रीस बदला.

केळघरच्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन-तीन सेकंद जोरात, मग सोडून द्या, म्हणजे डिस्क गार होते. तांबड्या मातीचं पाणी ब्रेकचे पॅड दगडावर घासल्यासारखे खातं. नवा पॅडही एका ओल्या दिवसात संपू शकतो, तेव्हा मेढ्याला चहाला थांबलात की कॅलिपरमध्ये (पॅड धरणारा ब्रेकचा भाग) डोकावून बघा: पत्रा सोडून पॅडचा थर एक मिलीमीटरपेक्षा कमी उरला असेल तर तिथेच बदला.