पुण्याच्या अनोळखी उपनगरात भाड्याने घर घेताना या चुका टाळा

पुण्यात भाड्याचे घर शोधणारे बहुतेक लोक फ्लॅट नीट पाहतात आणि उपनगर पाहायचेच राहून जाते. लातूर, सोलापूर किंवा अकोल्याहून नोकरीसाठी आलेला माणूस ओट्याची फरशी पाहतो, गॅलरीतून डोकावतो, डिपॉझिटवर थोडी घासाघीस करतो आणि त्याच संध्याकाळी टोकन देऊन मोकळा होतो. फ्लॅटमधली गळती प्लंबर काढून देतो, पंखा बदलता येतो. पण पाणी कुठून येते, बस किती वेळाने येते, कचऱ्याची गाडी कोणाची आहे आणि सकाळी तिथून बाहेर पडायला किती वेळ लागतो, यांतले काहीच भाडेकरूच्या हातात नसते. म्हणून पारख करायची ती याच गोष्टींची, आणि नेमक्या तिथेच पुढील चुका होतात.

सुट्टीच्या दिवशी घर पाहणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नगर रस्त्यावर वाघोलीच्या पुढे मी पहिले घर पाहिले ते भाऊबीजेच्या दिवशी. दिवाळीत निम्मे पुणे आपापल्या गावी गेलेले असते हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. एजंटने दुचाकीवर मागे बसवून येरवड्याहून पंचवीस मिनिटांत नेले आणि मी मनात हिशेब मांडला की ऑफिस अर्ध्या तासावर आहे. पुढच्या सोमवारी त्याच रस्त्याने मला एक तास दहा मिनिटे लागली, आणि तो दिवस अपवादाचा नव्हता, हे आठवडाभरात कळून चुकले.

घर पसंत पडले तरी टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, रोज वापरणार त्याच वाहनाने एकदा पूर्ण फेरी करावी. सकाळी नऊच्या सुमारास घराच्या फाटकापासून ऑफिसच्या दारापर्यंत जावे आणि संध्याकाळी साडेसहाला परत यावे, कारण अनेक रस्त्यांवर संध्याकाळचा प्रवास सकाळच्यापेक्षा जास्त छळतो. हिंजवडीत काम करणाऱ्याने भूमकर चौक, वाकडचा पूल आणि शिवाजी चौक या तिन्ही ठिकाणी घड्याळ पाहावे. नकाशावर तीन किलोमीटर दिसणारे अंतर तिथे किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. प्रत्यक्ष फेरी शक्य नसेल तर गुगल मॅप्सवर निघण्याची वेळ सोमवार सकाळी नऊ अशी टाकून पाहावी, आणि त्यात दिसणाऱ्या कमाल वेळेवर विश्वास ठेवावा, किमान वेळेवर नव्हे.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे येऊ घातलेल्या मेट्रोच्या भरवशावर घर घेणे. रामवाडीपासून वाघोलीकडे मेट्रो वाढवण्यास केंद्र सरकारची मंजुरी मिळाली ती जून २०२५ मध्ये. ज्याला तिथे फ्लॅट विकत घ्यायचा आहे त्याच्यासाठी ही बातमी मोलाची असेल, पण अकरा महिन्यांच्या भाडेकरूला मेट्रोच्या वाट्याचे फक्त खांब आणि लोखंडी पत्रे मिळतात, शिवाय त्यांच्यामुळे अरुंद झालेला रस्ता.

जाहिरातीतल्या नावाला भुलणे

जाहिरातींत गावांची नावे सहसा येत नाहीत. वाघोलीचे ‘अप्पर खराडी’ होते, सूस आणि म्हाळुंगे ‘बाणेर अ‍ॅनेक्स’ या नावाने विकले जातात आणि मोहम्मदवाडी-उंड्रीकडचा पट्टा ‘एनआयबीएम अ‍ॅनेक्स’ होतो. यात केवळ हौस नाही. नावाबरोबर भाडेही दोन-चार हजारांनी वर सरकते. घर दाखवणाऱ्याकडे विजेचे बिल आणि मालमत्ता कराची पावती मागावी. त्यावर गावाचे खरे नाव असते आणि कर नेमका कोणाकडे भरला जातो हेही कळते.

हद्दीचा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आली आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी, किरकटवाडी ही या दुसऱ्या खेपेतील. गाव कागदावर एका रात्रीत शहरात येते, पण जलवाहिन्या, ड्रेनेज आणि पथदिवे यायला वर्षे लागतात. दुसऱ्या बाजूला वाकड पिंपरी चिंचवड महापालिकेत आणि त्याला खेटून असलेले हिंजवडी वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीत, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांची कचऱ्याची तक्रार वेगवेगळ्या दारी जाते. ‘रस्त्यावरचा खड्डा बुजवायला कोणाकडे अर्ज करता?’ एवढाच प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावा. उत्तर चटकन आले तर ठीक. तो हसू लागला, तर त्या भागात कोणाचाच कोणाला पायपोस नाही, हे समजून घ्यावे.

‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर मान्य करणे

एजंटच्या तोंडी हे वाक्य इतके सरावाचे झालेले असते की प्रश्न पुरा व्हायच्या आत ते येते, आणि अनेकदा ते खोटेही नसते. टँकर मागवून टाकी भरली की नळाला पाणी येणारच. विचारायचे असते ते पाण्याचे मूळ: महापालिकेचे किती, बोअरवेलचे किती, टँकरचे किती आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की उन्हाळ्यात वेगळा मागितला जातो. जुन्या शहरातही दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असते, पण एक दिवसाच्या बंदची आगाऊ बातमी येणे वेगळे आणि मार्च ते जून टँकरवाल्याच्या मर्जीवर काढणे वेगळे.

खरे उत्तर फाटकावर मिळते. बऱ्याच सोसायट्यांत वॉचमनच्या टेबलावर टँकरची वही असते: जाड पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली, दोरीला पेन बांधलेले. तारीख, गाडीचा नंबर, आत आल्याची वेळ, ड्रायव्हरची सही असे रकाने त्यात आखलेले असतात. नंतर पुन्हा घर शोधताना मी उंड्रीजवळच्या एका सोसायटीत वॉचमनमामांशी चहा पीत बोलत बसलो आणि सहज म्हणून ती वही चाळली. नोव्हेंबरच्या एका पानावर आठवडा मावलेला होता. एप्रिलमध्ये एकेका दिवसाला पान पुरत नव्हते, शेवटच्या नोंदी समासात उभ्या लिहिलेल्या होत्या. ते घर मी घेतले नाही. मामांनी मात्र मला पुढची सोसायटी सुचवली, जिथे त्यांचा भाऊ कामाला होता, आणि ती खरोखरच बरी निघाली.

पाण्याचा दर्जा घरातच दिसतो. शॉवरच्या छिद्रांवर पांढरा थर बसला असेल, नळाची तोटी खरखरीत झाली असेल, बादलीच्या आत पांढरट कडी उमटली असेल, तर पाणी बोअरचे आणि जड आहे. ते प्यायले जाणार नसले तरी केस, कपडे आणि गीझर यांना भोगावे लागते. पिण्याच्या पाण्याबाबत अधिक कसून विचारावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा विहिरीच्या पाण्याचे शुद्धीकरण, खासगी टँकर आणि गल्लीतली आरओची दुकाने या सगळ्यांवर एकदम प्रश्नचिन्ह लागले. समाविष्ट गावात घर घेणाऱ्याने सोसायटीकडे पाणी तपासणीचा अहवाल मागणे हा आगाऊपणा नव्हे. टाकी शेवटची कधी धुतली, एवढे तरी विचारावेच.

कोरड्या दिवसांत ओढ्याकाठचे घर पसंत करणे

एप्रिलमध्ये ओढा म्हणजे झुडपांची रांग आणि थोडासा वास, एवढेच दिसते, आणि एजंट त्याला ‘ग्रीन व्ह्यू’ म्हणतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागांतील लोकांच्या घरांत पाणी शिरले, गाड्या वाहून गेल्या आणि माणसेही दगावली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये शिरले. ही दोन्ही ठिकाणे शहराबाहेरची नव्हेत. अनेक वर्षे नांदत्या वस्त्या आहेत.

नदीची निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकास आराखड्याच्या नकाशावर त्या पाहता येतात. नकाशा वाचण्याची सवय नसेल तर पार्किंगच्या भिंती वाचाव्यात. गुडघ्याइतक्या उंचीवर रंग अचानक बदललेला असेल, मीटरची पेटी नव्याने वर उचलून बसवलेली असेल किंवा तळघरात पंप कायमचा मांडून ठेवलेला असेल, तर त्या भिंतीने जे पाहिले आहे ते तुम्हालाही पाहावे लागण्याची शक्यता आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला, पावसात तो खालच्या फळीवर माल ठेवतो का, असे विचारावे. त्याला घर भाड्याने द्यायचे नसते, म्हणून तो खरे सांगतो.

वास आणि आवाज यांची परीक्षा थोडक्यात होते, पण ती वेळ पाहून करावी. उरुळी देवाची-फुरसुंगी परिसरात कचरा डेपोचा वास वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतो, त्यामुळे एका भेटीत तो जाणवला नाही याचा अर्थ नाहीच असा होत नाही. लोहगाव, विमाननगर, धानोरीकडे विमानांचा आवाज असतो, आणि त्यात हवाई दलाची लढाऊ विमानेही येतात. तान्हे बाळ घरात असेल तर हे आधी कळलेले बरे. वाघोलीच्या बाजूला खडीच्या खाणी आहेत. गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवले की धूळ किती येते ते समजते.

परिसर सुरक्षित आहे का, हे चुकीच्या माणसाला विचारणे

याचे उत्तर एजंट आणि घरमालक एकच देणार. विचारावे ते पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंना, रात्री उशिरा दुकान बंद करणाऱ्या मेडिकलवाल्याला, आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या एखाद्या ताईंना. रात्री साडेनऊच्या सुमारास बसथांब्यापासून फाटकापर्यंत स्वतः चालत जावे: किती दिवे चालू आहेत, किती कुत्री मागे लागतात, रिक्षावाला आत यायला तयार होतो की ‘चौकातच सोडतो’ म्हणतो. ही दहा मिनिटांची चाल कोणत्याही ऑनलाइन अभिप्रायापेक्षा अधिक सांगून जाते. एकट्याने किंवा मित्रांसोबत राहणाऱ्यांनी सोसायटीचे नियम सेक्रेटरीकडून प्रत्यक्ष ऐकावेत. ‘बॅचलर चालतात’ असे एजंटने सांगितलेले असते आणि राहायला गेल्यावर पाहुण्यांपासून पार्किंगपर्यंत हरकती सुरू होतात.

फक्त भाड्याचा आकडा पाहणे

समजा, लांबच्या उपनगरात घर दरमहा ५,००० रुपयांनी स्वस्त आहे आणि त्यासाठी ऑफिसचे अंतर एका बाजूने १२ किलोमीटरने वाढते. महिन्याला २४ दिवस धरले तर ५७६ किलोमीटर जास्त होतात. दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर सुमारे १३ लिटर पेट्रोल, आणि एका बाजूच्या प्रवासाला ५० मिनिटे जास्त लागत असतील तर महिन्याला ४० तास. पेट्रोलचे पैसे वजा करूनही शिल्लक राहते, हे खरे आहे, आणि ज्याच्यावर शिक्षणकर्ज आहे त्याला ते ४० तास देणे परवडतही असेल. पण हा हिशेब घर घेण्याआधी मांडायला हवा, आणि त्यात मेंटेनन्स कोण भरणार, उन्हाळ्यातले टँकर कोणाच्या डोक्यावर, हे आकडेही लिहायला हवेत.

चूक होऊन गेली असेल तर

यातले बरेचसे नंतर कळते, हे मान्य केले पाहिजे. म्हणून करारातल्या एका अटीवर आधीच बोलावे: लॉक-इन, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही. छापील मसुद्यात ती मुदत अनेकदा सहा महिन्यांची किंवा पूर्ण अकरा महिन्यांची असते. अनोळखी भागात ती दोन किंवा तीन महिन्यांवर आणण्याचा आग्रह धरावा आणि त्यापुढे एक महिन्याची नोटीस पुरेशी ठरावी. करार नोंदवून घ्यावाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते; तो तसा नसेल तर अटींबाबतच्या वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरीही त्या भरवशावर नोंदणी टाळू नये, कारण डिपॉझिट परत मागताना हाती कागद असलेला बरा.

अडकून पडल्यावर पहिला विचार उपनगर बदलण्याचा येतो, पण त्याआधी त्याच उपनगरात जागा बदलून काय साधते ते तपासावे. माझे पहिले घर मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत होते आणि त्या दीड किलोमीटरला सकाळी वीस मिनिटे जात. लॉक-इन संपल्यावर मी त्याच गावात, बसथांब्यासमोरच्या जुन्या तीन मजली इमारतीत एक खोली कमी असलेले घर घेतले. लिफ्ट नव्हती, गाड्यांचा आवाज रात्री बारापर्यंत चाले. पण नळाला एक दिवसाआड पालिकेचे पाणी होते आणि साडेसातची पीएमपी बस समोरच पकडता येत असल्याने बसायला जागा मिळे. तिथे मी पुढची तीन वर्षे राहिलो.