ठाण्यात जॅझ बँड जमवायचाय? आधी विचारा, कोण कुठून आलंय

"जॅझ येतं का?" हा प्रश्न विचारूच नका, आम्ही विचारला होता आणि जे जे हो म्हणाले ते दोन महिन्यांत गळाले, उरले ते नाही म्हणणारेच. आमचा ट्रंपेटवाला वरातीतल्या ब्रास बँडमधला, ड्रमर ढोलताशा पथकातला, कीबोर्डवाला भजनी मंडळात पेटी वाजवायचा, बासवाला चर्चच्या कॉयरमधून आलेला. आणि यात नवीन काही नाही हो, मुंबईत १९३०च्या दशकात ताजमध्ये जॅझ वाजायला लागलं तेव्हाही पुढे ते उचललं गोव्याच्या चर्चमध्ये नोटेशन शिकलेल्या पोरांनी, ट्रंपेटवाला चिक चॉकलेट त्यातलाच, आणि तोच पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता.

तर विचारायचं काय? आधी कुठे वाजवलंस, कागद बघून की ऐकून, आणि गाणं मध्येच सुटलं तर परत कसा पकडतोस. हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण वरातीत वाजवलेला माणूस कशानेच हलत नाही, घोडा बिथरला तरी त्याचा सूर चालूच.

मग पट्टीचं भांडण. पेटीवाला म्हणतो पांढरी एक, म्हणजे सी, ट्रंपेटवाला आपला सी वाजवतो आणि ऐकू येते काळी पाच, आल्टो सॅक्सचा सी तर काळी दोन. आमचा एक अख्खा रविवार यात गेला, प्रत्येकाला वाटत होतं दुसराच बेसूर आहे. पहिलं गाणं सरळ काळी पाचमध्ये धरा, ट्रंपेटला ते सोपं आणि पेटीवाल्याला कुठलीही पट्टी चालते (म्हणजे तो तसं म्हणतो तरी).

सुरुवात बारा बारच्या ब्लूजने करा. चार चार मात्रांचे बारा बार म्हणजे ४८ मात्रा, म्हणजे तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं! पहिलं आवर्तन पूर्ण सा च्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर), दुसऱ्यात आठ मात्रा म ची कॉर्ड आणि खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, परत सा, तिसऱ्यात चार मात्रा प, चार म, आणि खालीला सा. हे असं सांगितल्यावर भजनी मंडळवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता, त्याआधी तीन आठवडे आम्ही त्याला बार मोजायला लावत होतो. सोलो घ्यायला घाबरला तर सांगा धानी रागाचे स्वर घे, सा ग म प नी, ग आणि नी कोमल, तेवढ्यावर बराच वेळ निघतो.

ड्रमरचं जरा अवघड. पथकातला हात सरळ पडतो, स्विंगला, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीला, एका मात्रेचे तीन भाग करून मधला गाळावा लागतो. हे तोंडी शिकवा, काठ्या हातात नकोतच. आणि टाळी दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर, समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर नाही, आपल्या लोकांचा हात समेवरच जातो त्याला इलाज नाही, रोज लोकलमध्ये मांडीवर प्रॅक्टिस.

प्रॅक्टिसची जागा, शक्यतो कुणाचं तरी दुकान, शटर खाली ओढून. सोसायटीत ट्रंपेट म्हणजे पहिल्याच दिवशी सेक्रेटरी दारात. मोकळ्यावर स्पीकर लावून कार्यक्रम असेल तर रात्री दहाला बंद, त्यामुळे सगळ्यांचे सोलो शेवटच्या गाण्यात कोंबू नका.

स्टेजवर ओळख त्या त्या माणसाचा सोलो संपल्यावर द्या, एका वाक्यात, आणि तो कुठून आला ते सांगा पण आधी त्याला विचारून. आमच्या ट्रंपेटवाल्याला वरात शब्द नको होता, मी नुसतं "ठाण्याचा" म्हटलं, तर पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, अरे हा तर माझ्या लग्नात वाजवत होता! त्याने लगेच ट्रंपेट उचलून वरातीतलीच दोन ओळींची धून वाजवली, आणि ड्रमर अर्थातच सरळ पथकाच्या ठेक्यात गेला.