मोहरीच्या फुलोऱ्यातील मधपेट्या: ग्वाल्हेर परिसरासाठी थंडीतील निगा आणि कोळी-नियंत्रण

ग्वाल्हेर, मुरैना आणि भिंडच्या पट्ट्यात मोहरी फुलू लागली की बांधाबांधावर मधपेट्यांच्या रांगा लागतात. थंड देशांत हिवाळ्यात राणीमाशी अंडी घालणे जवळजवळ थांबवते आणि त्याबरोबर वरोआ कोळ्यांची (माश्यांना चिकटून त्यांच्यावर जगणाऱ्या बारीक परजीवींची) वाढही थांबते. आपल्याकडे मात्र मोहरीचा पराग मिळत असल्यामुळे अंडी घालणे चालू राहते, म्हणून कोळीही हिवाळाभर वाढतात. थंडीची काळजी बहुतेकजण घेतात, कोळ्यांची तपासणी मात्र फेब्रुवारीवर ढकलतात, आणि वसाहती तिथेच खचतात.

वरोआ हा मूळचा आपल्या देशी सातेरी माशीवरचा परजीवी. सातेरीला त्याला आवर घालणे साधते. १९६२ पासून भारतात रुजलेल्या इटालियन माशीला ते फारसे जमत नाही. मादी कोळी झाकण लागण्याच्या बेतात असलेल्या अळीच्या घरात शिरून आत पिले वाढवते. नराचे घर कामकरी माशीच्या घरापेक्षा दोन-तीन दिवस अधिक काळ झाकलेले राहते, म्हणून तिला ते अधिक मानवते. पंख मुरडलेल्या माश्या पेटीसमोर सरपटताना दिसल्या, तर प्रादुर्भाव बराच वाढला आहे असे समजावे.

तपासणी कोरड्या दिवशी दुपारी करावी. पिल्ले असलेल्या चौकटीवरून, राणी त्यात नाही याची खात्री करून, अर्धा कप म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात, दोन चमचे पिठीसाखर घालून बरणी हलक्या हाताने फिरवावी, दोन मिनिटांनी ती पांढऱ्या कागदावर उलटी झटकावी आणि पडलेले कोळी मोजावेत. माश्या जिवंत राहतात, त्या परत पेटीत सोडाव्यात. नऊ किंवा अधिक कोळी आढळल्यास उपचार लांबवू नये.

उपचाराची वेळ औषधाइतकीच महत्त्वाची आहे. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकलेल्या घरांतही पोहोचते, पण १० अंशांखाली ते नीट उडत नाही आणि ३० अंशांच्या वर राणीला धोका होतो. म्हणून मोहरी फुलण्याआधीचे, नोव्हेंबरच्या सुरुवातीचे दिवस त्यासाठी योग्य. ऑक्झॅलिक आम्ल झाकणाआडच्या कोळ्यांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे पिल्ले भरपूर असताना त्यावर विसंबू नये. मात्रा कृषी विज्ञान केंद्राकडून ठरवून घ्यावी, हातमोजे व चष्मा वापरावा, आणि मधकोठी (मध साठवण्यासाठीचा पेटीचा वरचा मजला) चढवलेली असताना कोणतेही रसायन वापरू नये. त्या काळात नरांची झाकलेली घरे कापून काढणे हाच बिनविषारी उपाय आहे.

थंडीपेक्षा ओल अधिक घातक ठरते, असे माझे ठाम मत आहे. माश्या एकमेकींना बिलगून गोळा होऊन पिल्लांचा भाग ३४-३५ अंशांवर राखू शकतात, परंतु झाकणाखाली साठलेले दंव त्यांच्यावर ठिबकू लागले की वसाहत झपाट्याने क्षीण होते. म्हणून पेट्या जमिनीपासून वीतभर उंच, पुढे किंचित कललेल्या आणि तोंड पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे करून ठेवाव्यात. प्रवेशद्वार अरुंद करावे, पण वरची हवा कोंडू नये. पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळण्याऐवजी झाकणाखाली गोणपाट ठेवावे आणि रिकाम्या चौकटी काढून आतली जागा फळीने कमी करावी. तीन-चार चौकटींच्या दुबळ्या वसाहती एकट्या जगवण्याचा हट्ट नको. मध्ये वर्तमानपत्र ठेवून त्या सशक्त वसाहतीशी जोडाव्यात.

धुके किंवा मावठ लांबल्यास माश्यांना बाहेर पडता येत नाही, तेव्हा साठा तपासणे आवश्यक असते. पातळ पाक आत ओल वाढवतो. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक कोमट करून संध्याकाळी द्यावा. बाजारातील मध कधीही देऊ नये, त्यातून रोग येतात. पारा १५ अंशांच्या खाली असताना पेटी उघडू नये.

मोहरीवर मावा आला की शेजारच्या शेतात फवारणी होते. ती माश्या परतल्यानंतर, संध्याकाळी करण्याबाबत शेतमालकाशी पेट्या ठेवतानाच बोलून ठेवावे.