गिन्नी घेताना, सांभाळताना आणि मोडताना या चुका टाळा

आमच्या आजीच्या डब्यात पंचम जॉर्जची एक गिन्नी, म्हणजे ब्रिटिश काळातलं सोन्याचं नाणं, होती. आईने ती सोनाराकडे नेऊन वर कडी लावून घेतली आणि पोतीत ओवली. पुढे कित्येक वर्षांनी मी ती भिंगाखाली धरली. मागच्या बाजूवरच्या घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, १९१८ या सालाच्या बरोबर वर, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर दिसलं आणि जीव हळहळला. ही मुंबईच्या टांकसाळीची खूण. लंडनच्या रॉयल मिंटच्या मुंबई शाखेने पाडलेल्या या गिन्न्यांवर १९१८ हे एकच साल आहे. तेरा लाखांच्या आसपास पाडल्यामुळे ती फार दुर्मीळ नाही, पण संग्राहक तिला सोन्याच्या वर पैसे मोजतो. कडी जोडताना डाक, म्हणजे सोनाराचा जोड, लागलेल्या गिन्नीला मात्र मोडीचाच भाव.

म्हणून डाक नको आणि घासणंही नको. रिठा, टूथपेस्ट, ब्रश यांतलं काहीही लावलं की मऊ सोन्यावर केसासारखे ओरखडे उठतात आणि ते कधीच जात नाहीत. कोमट पाण्यातून काढून सुती कापडाने टिपा, पुसू नका. नाणं नेहमी कडेने धरा.

सर्वांत महाग पडणारी चूक हिशेबाची आहे. 'आठ ग्रॅमची गिन्नी' म्हणत लोक चोवीस कॅरेटच्या भावाला आठने गुणतात. गिन्नीचं वजन ७.९८८ ग्रॅम आणि सोनं बावीस कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅमच. या गुणाकारात पाऊण ग्रॅमला थोडे कमी इतक्या सोन्याचे पैसे फुकट जातात. नवं नाणं घेताना वर ३ टक्के जीएसटी येतो, तो वेगळा धरा.

सोनं घासून पाहायच्या नुसत्या कसोटीच्या दगडावर विसंबू नका. कसाला लागतो तो फक्त वरचा थर. आधी वजन आणि व्यास पाहा, वजन ७.९८८ ग्रॅमच्या जवळ आणि व्यास २२.०५ मिलिमीटर हवा. मग शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेली गिन्नी तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. आकडा ०.४५ च्या जवळपास आला पाहिजे. तेवढ्याच वजनाच्या पितळेवर मुलामा असेल तर तो जवळजवळ दुप्पट येतो. अर्थात खऱ्या सोन्याच्या नकली गिन्न्याही असतात. त्या या परीक्षेत उतरतात, तिथे जाणकाराची नजरच लागते.

गुंतवणुकीसाठी ९९९ शुद्धतेचं नाणं घेतलंत तर त्याचं सीलबंद पाकीट फोडू नका, पावतीही जपा. बँकेतून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, बँक नाणं विकते पण परत घेत नाही. मोडायला सराफाकडेच जावं लागतं.

शिवराई होनाबद्दल, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या नाण्याबद्दल, तर कळकळीने सांगते. 'श्री राजा शिव' ही अक्षरं दिसली की आपले हात जोडले जातात आणि नकली होन विकणारा नेमका याच श्रद्धेवर जगतो. जाणकाराने पाहिल्याशिवाय आणि नाणं परत घेण्याची लेखी हमी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. होन शंभर वर्षांहून जुना, म्हणजे कायद्याने पुरावस्तू. परदेशातल्या मुलाकडे जाताना तो पर्समध्ये टाकून नेता येत नाही.

आणि कडी आधीच लागलेली असेल तर ती काढायला जाऊ नका. कानस लागली की नाण्याची कडही जाते. आजीची गिन्नी मी तशीच ठेवली आहे, सणावाराला गळ्यात घालते.